निसटलेलं रोप

चाकणला आमची प्रयोगशाळा आहे असं सांगितलं की लोक विचारतात, कसल्या पार्टची? त्यांचंही बरोबर आहे. आमच्या एका बाजूला स्प्रिंगा करणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला गाड्यांच्या सीटा शिवणारी, आणि दोन्हींच्या मधल्या दुमजली इमारतीत आम्ही बिया तपासतो. तपासतो म्हणजे, सरळ सांगायचं तर, चांगल्या बियांना रोग लावतो.

रुक्साना शेख कामावर आली त्या दिवशी मी तिला हे समजावून सांगत होते. हरभऱ्याचं नवं वाण निघालं की ते तयार करणारे म्हणतात, याला मर लागत नाही. मर म्हणजे हरभऱ्याचा जुना वैरी. मातीतली बुरशी मुळातून आत शिरते, खोडातल्या पाण्याच्या वाटा बंद करते, आणि हिरवंगार झाड उभ्या उभ्या मान टाकतं. नवं वाण खरंच टिकतं का हे बघायचं तर त्याला त्या बुरशीच्या तोंडी द्यावं लागतं. आम्ही बुरशी काचेच्या बशीत वाढवतो, पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी. ती पाण्यात कालवून त्यात बिया भिजवतो आणि बुरशी मुरवलेल्या मातीत पेरतो. शेजारच्या कुंडीत एक जुनं वाण लावतो, मरीला हमखास बळी पडणारं. ते मेलं तरच चाचणी खरी. ते जगलं, तर आपलंच काहीतरी चुकलं असं धरायचं.

"म्हणजे त्याला मारायलाच पेरायचं," ती म्हणाली.

"हो."

तिने त्या जुन्या वाणाचे दाणे डब्यातून तळहातावर घेतले. बारीक, तांबूस, नाक पुढे आलेले. बराच वेळ बघत राहिली.

"मॅडम, आमच्या रानात हाच हरभरा असतो."

नवी माणसं काहीतरी बोलतात तसं वाटून मी पुढच्या कामाकडे वळले. पण ती उगाच बोलली नव्हती. पुढे तिची माझी चांगली ओळख झाली तेव्हा कळलं, रुक्साना उगाच काही बोलतच नाही.

ती मूळची निलंगा तालुक्यातली. लातूरला बीएस्सी झाली आणि लग्न होऊन पिंपळे गुरवला आली. नवरा जहीर, दुचाकीचा मेकॅनिक. खाली गॅरेज, वर घर. मुलगी शिफा शाळेत जायला लागली तेव्हा रुक्सानाने नोकरी शोधली. माहेरी तिची आई एकटी. ताजुन्निसा त्यांचं नाव. वडील, अनिसभाई, रुक्साना कॉलेजात असतानाच गेले. भाऊबंदांनी सांगितलं की बाईमाणसाला रान झेपणार नाही, बटईनं, निम्म्या वाट्यानं, देऊन टाका. ताजुन्निसांनी ऐकून घेतलं आणि त्या वर्षी स्वतःच पेरणी केली. तेव्हापासून दर वर्षी त्याच करतात. खरिपाला मूग-उडीद, हिवाळ्याला हरभरा. हरभऱ्याचं बी घरचंच, अनिसभाई धरून ठेवायचे ते.

आमची बस नाशिक फाट्यावरून निघते. भोसरी मागे पडली की मोशीच्या पुढे गाडी तुंबते आणि मग बोलायला भरपूर वेळ मिळतो. दिवाळीनंतरचे दिवस आले की रुक्सानाचं बोलणं फक्त रानाचं. आता फांद्या फुटल्या असतील. आता शेंडे खुडत असतील, अम्मी त्याची भाजी वाळवून ठेवते. आता घाटे भरले असतील. पहाटे हरभऱ्यावर आंब धरते, आंबट दव, त्यातून अनवाणी चाललं की पाय चरचरतात. तिच्या आईकडे एक पांढरं लुगडं फक्त त्यासाठीच ठेवलेलं होतं. ते पिकावरून फिरवायचं, पिळायचं आणि ती आंब बाटलीत भरून ठेवायची, पोटदुखीवर. बाहेर एकामागे एक नव्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर उभे असायचे, आणि ही मला आंबेची चव सांगत असायची.

"मग जा ना चार दिवस," मी म्हणायचे.

"जाते की," ती म्हणायची. "पण रानात उतरत नाही."

हे मला कळायला वेळ लागला. ती माहेरी जायची, पण शेतात पाऊल टाकायची नाही. बांधाच्या अलीकडे, गाडीवाटेवर उभी राहायची आणि तिथूनच बघायची. आपल्या अंगावरून, कपड्यांवरून, चपलांच्या खाचेतून ही बुरशी तिकडे जाईल ही भीती तिच्या मनात घर करून होती. एक थेंब मातीत पडला तर काय होतं हे ती रोज बघत होती. मी तिला पुष्कळदा सांगितलं, आपण एप्रन इथेच ठेवतो, चपला इथल्या इथे बदलतो, हातपाय धुतो. घरी जाऊन आंघोळ करून, दुसऱ्या कपड्यांत गेलीस तर काही होत नाही. ती ऐकायची, मान डोलवायची, आणि पुन्हा गाडीवाटेवरच थांबायची.

ताजुन्निसांना हे लागायचं. त्या दोघी घरी दखनी बोलतात, पण रानाचा विषय निघाला की मराठीवर येतात. रुक्सानाने मला ते बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं.

"शहरात जाऊन मातीची लाज वाटायली का गं तुला?"

"लाज नाही अम्मी. माझ्या हाताला रोग असतो."

"कसला रोग? तू तर धडधाकट हायस."

तिने सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "चांगल्या बियाला रोग लावतेस, अन् पगार घेतेस?"

"कोणतं बी टिकतं ते बघायला लावतो."

"अन् न टिकणारं?"

"ते मरतं."

ताजुन्निसा म्हणाल्या, "तुझे अब्बा पेरायच्या आधी बी कपाळाला लावायचे." आणि उठून चुलीकडे गेल्या.

रुक्सानाने नोकरी सोडली नाही. काम तिला आवडत होतं, हे मी तिच्या हातांवरून सांगू शकते. पण एक गोष्ट तिला कायम खुपायची. आमच्याकडे हरभऱ्याला फूल येत नाही. रोग लावला की काही आठवड्यांत काय ते समजतं. मेलेली रोपं मोजायची, जगलेली मोजायची, आणि दोन्ही ऑटोक्लेव्हमध्ये घालायची. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. आतल्या वाफेने माती, मुळं, बुरशी, सगळं मरतं. जगलेली रोपं त्यात टाकताना ती क्षणभर थांबायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

मग तो हिवाळा आला. ताजुन्निसांचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. रुक्साना बाहेर जाऊन बोलली आणि परत आली ती डबा न झाकताच बसून राहिली.

"मर लागली," ती म्हणाली. "विहिरीकडचा अर्धा तुकडा गेला."

"होतं. काळ्या रानात असतेच बुरशी."

"इतकी कधी नव्हती."

मग तिने मला चपलांचं सांगितलं. आदल्या बकरी ईदला तिने घाईत थेट कामावरून स्वारगेटला जाऊन लातूरची गाडी धरली होती. त्या दिवशी घरी येऊन कपडे बदलायला वेळ नव्हता. माहेरी पोचल्यावर आईने तिच्या धुळीने भरलेल्या चपला उचलल्या आणि विहिरीच्या पाटावर धुतल्या. पाट सरळ त्या तुकड्यात जातो.

"अम्मीनं प्रेमानं धुतल्या," ती म्हणाली. "आणि मी बघत होते. तेव्हा सुचलंच नाही."

मी तिला समजावलं की इथल्या चपला इथेच राहतात, तुझ्या बाहेरच्या चपला आत येतच नाहीत. तिला ते माहीत होतं. पण एकदा एखादी गोष्ट आपल्यामुळे झाली असं मनाने घेतलं, की माहीत असण्याचा उपयोग होत नाही. त्या दिवसांत तिने बसमध्ये बोलणं सोडलं. खिडकीशी बसायची आणि चाकण येईपर्यंत बाहेर बघायची. जहीरने मला एकदा फोन केला. "मॅडम, ही जेवत नाही. तुम्ही काहीतरी करा."

करण्यासारखं एकच होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या रानातली रोपं माग, मातीसकट. त्यातली बुरशी काढू आणि आपल्या बुरशीशी ताडून बघू. मरीची बुरशी सगळीकडे एकच नसते, तिच्याही पोटजाती असतात. एक पोटजात ज्या वाणांना मारते, दुसरी त्यांना सोडून देते आणि भलत्यांनाच धरते. ओळखीच्या वाणांचा एक संच दोन्ही मातींत पेरायचा. कोण कुठे मरतं यावरून समजतं की बुरशी तीच आहे की वेगळी. आमच्याकडची बुरशी विदर्भातून आणलेली होती.

जहीर स्वतः गेला आणि पिशव्या घेऊन आला. रुक्सानाने पहिली पिशवी सोडली आणि तशीच उभी राहिली. काळी, चिकट माती, ढेकळात अडकलेली मुळं, वर वाळलेली रोपं. तिने एक खोड उभं चिरलं. आत काळपट रेघ होती, शेंड्यापर्यंत गेलेली. मास्क खाली ओढून तिने मातीचा वास घेतला. नियमात बसत नव्हतं, तरी मी तिला घेऊ दिला.

त्या मातीतली बुरशी बशीत वाढली. तिने संच पेरला, एक ओळ आमच्या बुरशीवर, एक तिच्या रानातल्या. मग वाट बघणं. पहिल्या माना पडायला लागल्या तशी ती रोज सकाळी बसमधून उतरली की सरळ त्या खोलीत जायची, चहासुद्धा घ्यायची नाही. हळूहळू दोन ओळी वेगळ्या दिसायला लागल्या. इकडे जी वाणं आडवी झाली होती त्यांतली दोन तिकडे ताठ उभी होती. तिकडे मेलेलं एक इकडे मजेत होतं. आम्ही तीच चाचणी पुन्हा लावली. पुन्हा तसंच निघालं.

"तुझी नाही ती," मी म्हणाले. "तुमच्याच मातीतली आहे, जुनी. इतकी वर्षं दर हिवाळ्याला तिथेच हरभरा पेरला, तीही वाढत गेली."

रुक्सानाने स्टूल ओढलं आणि बसली. हातमोजे काढले, परत घातले. "अम्मीला फोन करू का?" तिने विचारलं, जणू मी नाही म्हणाले असते.

फोनवर ती मराठीत बोलत होती, म्हणजे बोलणं रानाचं होतं. आनंदाची बातमी सांगून झाली, मग दुसरी सांगावी लागली. त्या तुकड्यात आता काही वर्षं हरभरा घ्यायचा नाही. ही बुरशी मातीत दबा धरून बसते. ज्वारी घ्या, करडई घ्या. नंतर घ्यायचाच तर टिकणारं नवं वाण घ्या, अब्बांचं नको.

"किती वर्षं?" ताजुन्निसांनी विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"पाच-सहा तरी."

"तवर मी असंन का?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बरं," ताजुन्निसा म्हणाल्या. "तुझ्या अब्बाचं बी उतरंडीत हाय थोडं. ते काय करू? खाऊन टाकू?"

"पाठवून दे," रुक्साना म्हणाली.

ते बी आलं तेव्हा तिने मला विचारलं, हे लावून बघू का? मला वाटलं होतं ती ते जपून ठेवेल. ती म्हणाली, "बघते मॅडम. गावरान आहे. सगळे दाणे सारखे नसतात. एखाद्यात असेल काही." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरी धरलेल्या जुन्या बियांत कधीकधी असा एखादा दाणा निघतो. पण त्या "एखाद्यात असेल" मागे नुसतं शास्त्र नव्हतं, हे आम्हा दोघींना कळत होतं.

तिने स्वतः ते बी धुतलं, स्वतः बुरशीच्या पाण्यात बुडवलं. आईच्या रानातलीच बुरशी, वडिलांचंच बी. पेरताना तिचे ओठ हलत होते.

रोपं मेली. एकापाठोपाठ एक, कुंड्याच्या कुंड्या. शेवटी एका कोपऱ्यात एकच रोप उभं राहिलं, आणि ते काही केल्या मान टाकेना. आमच्या भाषेत याला निसटलेलं म्हणतात. एखाद्या बीला बुरशी नीट पोचतच नाही, किंवा मूळ नेमकं चुकवून जातं, आणि रोप जगतं. त्यात त्याची ताकद काही नसते. ताकद आहे की नुसतं नशीब, हे कळायला एकच मार्ग. त्याला वाढू द्यायचं, त्याचं बी धरायचं, आणि त्या बीला परत रोग लावायचा.

"ठेव," मी म्हणाले. "वेगळ्या खोलीत, पूर्ण बंद."

तर असं झालं की आमच्या प्रयोगशाळेत हरभऱ्याला फूल आलं. गुलाबी-जांभळं, नखाएवढं. सीट शिवणाऱ्या कंपनीच्या मशिनचा आवाज त्या खोलीत भिंतीतून यायचा, आणि दिव्याच्या पांढऱ्या उजेडात ते झाड फुलायचं. रुक्सानाने शिफाला दाखवायला काचेतून फोटो काढला. आईलाही पाठवला. ताजुन्निसांनी शेजारणीच्या फोनवर तो बघितला आणि म्हणाल्या, "लई बारीक झालंय गं. ऊन न्हाई ना तिथं."

घाटे धरले, वाळले. मूठभर दाणे निघाले. ते घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली.

"अर्धे ठेवू का मॅडम? नुसते ठेवायला?"

"तुझ्यावर आहे."

तिने संध्याकाळी आईला विचारलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला सांगितलं. ताजुन्निसा म्हणाल्या होत्या, "सगळ्याला लाव. न टिकणारं बी तू उद्या माझ्या रानात आणून पेरशील, अन् मला परत मरताना बघावं लागंल."

तिने सगळ्यांना लावलं.

त्यातलं एकही वाचलं नाही. शेवटचं रोप पडलं त्या सकाळी मी तिच्याबरोबर होते. तिने ते हलकेच उपटलं, चिरलं, रेघ बघितली आणि ट्रेमध्ये ठेवलं. मग नेहमीप्रमाणे सगळं ऑटोक्लेव्हमध्ये गेलं. दुपारी तिने आईला कळवलं.

"म्हंजे ते नशिबानं वाचलं होतं," ताजुन्निसा म्हणाल्या.

"हो अम्मी."

"आपल्याला फूल तर दिसलं." मग त्यांनी विचारलं, "तू कवा यायलीस?"

त्या वर्षी माघात मला लातूरला काम निघालं. रुक्साना बरोबर होती. काम आटोपल्यावर ती म्हणाली, मॅडम, घरी चला. ताजुन्निसा मी कल्पना केली होती त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली आणि मला विचारलं, "विजयश्रीबाई, तुमच्याकडं लोकांना काय सांगतेत, पोरगी काय काम करते मनून? मी सांगते, बिया तपासते. बाकीचं सांगत न्हाई."

ऊन उतरल्यावर आम्ही रानाकडे गेलो. विहिरीकडच्या तुकड्यात ज्वारी होती, माणसाच्या वर गेलेली, कणसं भरून आलेली. पलीकडे शेजाऱ्याचा हरभरा दिसत होता. रुक्साना सवयीने गाडीवाटेवर थांबली. ताजुन्निसांनी तिच्याकडे बघितलं आणि त्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या.

रुक्सानाने चपला काढल्या. बांध ओलांडला आणि काळ्या मातीत पाय ठेवला. भेगाळलेली, टणक माती होती, माघातली. ती तशीच उभी राहिली, मग ज्वारीचं एक ताट हाताने बाजूला केलं, मग दुसरं, आणि आत शिरली. पानांची सळसळ पुढे पुढे जात राहिली. थोड्या वेळात ती दिसेनाशी झाली.

"हरभऱ्यात असती तर दिसली असती," ताजुन्निसा म्हणाल्या. "गुडघ्याएवढाच असतो. ही ल्हान असताना आम्ही दोघं हितं उभं राहून बघायचो, कुठवर गेली ते."

शेजाऱ्याच्या रानात कोणीतरी पाखरं हाकत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली, "रुक्सू, अंधार पडंल आता."

"आले अम्मी," आतून आवाज आला. पण ताटं हलली नाहीत. ताजुन्निसांनी पुन्हा हाक मारली नाही. बांधावर जागा झाडून त्या खाली बसल्या, आणि मलाही बसा म्हणाल्या.